जुन्या इंजिनासाठी नट-बोल्ट जमवताना

जुनं इंजिन उघडायचं ठरलं की पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट यांची यादी आधी होते आणि नट-बोल्ट सगळ्यात शेवटी आठवतात. आम्ही हा क्रम उलटा ठेवतो. गॅस्केटचा संच एका पार्ट नंबरवर मिळून जातो. पण हेडचा (सिलिंडरांवरच्या झाकणाचा) एखादा स्टड, म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, ज्याच्या एका टोकाला जाड आटे, दुसऱ्या टोकाला बारीक आटे आणि मधला गुळगुळीत भाग ठरावीक लांबीचा, तो मिळवायला सर्वाधिक वेळ जातो. तो आला नाही तर बाकी सगळं तयार असूनही इंजिन उघडंच पडून राहतं.

पुढचा क्रम १९६० च्या दशकातल्या ब्रिटिश बनावटीच्या, कास्ट आयर्न ब्लॉकच्या चार सिलिंडरी इंजिनावर आम्ही पाळतो तो आहे. जपानी आणि युरोपीय इंजिनांत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरायची. इंजिनातून निघालेला बोल्ट प्रमाण मानायचा नाही. एवढ्या वर्षांत ते इंजिन अनेकांनी उघडलेलं असतं आणि हाताला लागेल तो बोल्ट कुठेतरी बसवलेला असतो. त्याचं माप घेऊन तसाच नवा आणला, तर आधीच्या माणसाची चूकच नव्या मुलाम्यासह परत बसते. खरं माप तीन ठिकाणांहून ठरतं: भोकातल्या आट्यांवरून, कारखान्याच्या पार्ट्स बुकमधून आणि तो जोड काय काम करतो त्यावरून. तिन्ही जुळली तरच मागणी नोंदवायची. निघालेला बोल्ट फक्त साक्षीदार, आणि त्याची साक्ष तपासून घ्यायची.

खोलताना प्रत्येक बोल्ट सुटण्याआधी त्याच्या जागी काय दिसतं ते लिहून ठेवतो. वॉशर आहे का, कोणत्या प्रकारचा आहे, बोल्ट हलक्या हाताने सुटला की कुरकुरत सुटला, आट्यांवर सीलंटचा थर आहे का. सीलंट दिसलं तर ते भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये किंवा तेलाच्या बाजूला आरपार गेलेलं असण्याची शक्यता मोठी. नवा बोल्ट तिथे कोरडाच बसवला तर पाणी आट्यांवरून वर चढतं आणि डोक्याखालून झिरपतं. टायमिंग कव्हर आणि वॉटर पंप यांच्या बोल्टांच्या लांब्या जागेनुसार बदलतात. त्यासाठी पुठ्ठ्यावर कव्हरची बाह्यरेषा काढून बोल्ट त्या-त्या जागी टोचून ठेवणं हा जुना उपाय आजही सगळ्यात खात्रीचा. बाकीचे जागेचं नाव लिहिलेल्या पिशव्यांत. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र रॉडपासून वेगळे करायचे नाहीत, आणि वायर व्हीलवर तर मुळीच धरायचे नाहीत.

धुताना एक सावधगिरी. त्या काळच्या अनेक बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असे. तो चांदीसारखा किंवा किंचित सोनेरी दिसतो आणि जस्तापासून नजरेने ओळखता येत नाही. असा बोल्ट ग्राइंडरवर घासणं किंवा टॉर्चने तापवणं धोक्याचं, कारण कॅडमियमची धूळ आणि वाफ दोन्ही विषारी आहेत. रॉकेल आणि ब्रश एवढंच पुरे.

आता मोजमाप. व्हर्निअर, दोन पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, जुळवून पाहायच्या दातेरी पट्ट्या) आणि आट्यांची खात्री असलेले थोडे नमुन्याचे नट एवढ्यावर बहुतेक काम होतं. पिच गेज दोन लागतात, एक ६० अंशांचं आणि एक व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचं ५५ अंशांचं. गेजचा दात आट्यात बसला म्हणून लगेच विश्वास ठेवायचा नाही. बोल्ट आणि गेज उजेडासमोर धरून मधून फट दिसते का ते पाहायचं. त्यापेक्षाही खात्रीची रीत म्हणजे दहा आट्यांचं अंतर व्हर्निअरने मोजणं. दहा आटे १२.५ मिमी आले तर पिच १.२५, १०.० आले तर १.०, आणि १०.५८ आले तर इंचाला २४ आटे. एका आट्यावर जो फरक डोळ्याला दिसत नाही तो दहांवर स्पष्ट होतो.

खरी फसगत ५/१६ इंच आणि एम८ (८ मिमीचा मेट्रिक) या जोडीत होते, म्हणून तिथे थोडं थांबायला हवं. ५/१६ इंच, म्हणजे अडीच सूत, हे ७.९४ मिमी होतं. एम८ बोल्टचा वापरलेला दांडा मोजला तरी साधारण तेवढाच भरतो. व्यासावरून दोघांत काहीच ठरत नाही. पण ५/१६ यूएनएफमध्ये (युनिफाइड पद्धतीचे बारीक आटे) इंचाला २४ आटे, म्हणजे पिच १.०५८ मिमी. यूएनसीमध्ये (त्याच पद्धतीचे जाड आटे) १८, म्हणजे १.४१ मिमी. जुन्या बीएसएफमध्ये (ब्रिटिश बारीक आटे) २२, म्हणजे १.१५ मिमी. एम८ जाडा १.२५, एम८ बारीक १.०. एम८ × १.० चा बोल्ट ५/१६ यूएनएफच्या भोकात हाताने काही फेरे आरामात जातो, कारण एका फेऱ्याला चूक फक्त ०.०५८ मिमीची असते. आठ फेऱ्यांत ती जवळजवळ अर्धा मिमी होते. तिथे बोल्ट जड लागतो आणि पाना लावून पुढे रेटण्याचा मोह होतो. रेटला तर तो जातोही, पण भोकातले आटे चिरडत जातो. त्यानंतर त्या भोकात मूळचा योग्य बोल्टही सैल बसतो. आमचा नियम असा की इंजिनाचा कोणताही बोल्ट पूर्ण खोलीपर्यंत बोटांनी जायला हवा. जात नसेल तर भोक घाण आहे किंवा बोल्ट चुकीचा आहे, आणि यापैकी काय ते कळल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

दुसरी जोडी यूएनसी आणि व्हिटवर्थ यांची. १/४ इंचाला दोघांत २० आटे, ५/१६ ला १८, ३/८ ला १६. फरक फक्त आट्याच्या कोनात, ६० आणि ५५ अंश. यांचे नट एकमेकांवर चढतात आणि घट्टही होतात, पण आट्यांची पूर्ण बाजू टेकत नाही. हलक्या कव्हरवर हे खपून जातं, भाराच्या जागी चालत नाही. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३, त्यामुळे तिथे गफलत लगेच उघड होते.

इंजिन कोणत्या पद्धतीच्या आट्यांचं आहे याचा अंदाज त्याच्या जन्मकाळावरून बांधता येतो. व्हिटवर्थचे आटे १८४१ चे, बीएसएफ १९०८ चे, आणि अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी मिळून मान्य केलेले युनिफाइड आटे १९४८ चे. पण गाडीच्या सालावर विसंबू नये, इंजिनाच्या आराखड्याचं साल पाहावं. आधीच्या काळात आखलेलं इंजिन पुढे कित्येक वर्षं त्याच आट्यांवर बनत राहायचं. कार्ब्युरेटर, डायनॅमो, तेलाचे गेज यांच्यावरचे आटे तर अनेकदा वेगळ्याच पद्धतीचे असतात, कारण ते दुसऱ्या कारखान्यातून येत.

डोक्याच्या मापावरून आटे ओळखायला जाणं ही तर सरळ फसवणूक. एमजीच्या टी मालिकेतल्या एक्सपीएजी इंजिनात आटे मेट्रिक आहेत आणि डोकी व्हिटवर्थच्या पान्याची. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला, त्यातली यंत्रसामग्री मेट्रिक आटे पाडणारी होती, म्हणून आटे मेट्रिक राहिले. डोकी मात्र ब्रिटिश मेकॅनिककडे असलेल्या पान्यांसाठी ठेवली गेली. तिथेच एम८ × १.० सर्रास भेटतो, आणि त्याच्या जागी कुणीतरी ५/१६ यूएनएफ रेटलेला असतो. मेट्रिक इंजिनांतही एम१० ला जुन्या जर्मन मानकानुसार १७ चा पाना लागतो, आयएसओनुसार १६ चा आणि जपानी इंजिनांत बहुधा १४ चा. आटेही बदलतात. युरोपात एम१० म्हटलं की आधी १.५ पिच समोर येतो, तर जपानी इंजिनांत १.२५. फ्रेंच इंजिनांत एम७ भेटतो. सर्वसाधारण दुकानात तो नसतो आणि त्याच्या जागी एम८ चं भोक पाडून दिलेलं पुष्कळदा आढळतं.

लांबी डोक्याखालून टोकापर्यंत मोजायची, फक्त काउंटरसंक डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट. पण बोल्टची लांबी मोजून काम संपत नाही, भोकाची खोलीही मोजायची. व्हर्निअरच्या मागच्या दांडीने पूर्ण खोली घ्यायची. मग खात्रीचा स्टड हाताने शेवटपर्यंत फिरवून आटे किती खोल आहेत ते पाहायचं. जोडाची जाडी, गॅस्केट, वॉशर आणि आट्यांची पकड यांची बेरीज म्हणजे हवी असलेली लांबी. पकड पोलादात व्यासाइतकी, कास्ट आयर्नमध्ये सुमारे दीडपट, अ‍ॅल्युमिनियममध्ये दुप्पट धरतो. बंद भोकात बोल्टच्या टोकाखाली दोन-तीन मिमी मोकळे राहायलाच हवेत. टोक तळाला टेकलं तर टॉर्क रेंच (पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणारा पाना) बरोबर आकड्याला वाजतो, बोल्ट घट्ट लागतो आणि कव्हर मात्र दाबलं गेलेलं नसतं. नवं गॅस्केट टाकूनही गळती थांबत नाही तेव्हा आम्ही आधी हेच तपासतो. बंद भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर बोल्ट त्याला पिस्टनसारखा दाबतो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. म्हणून बोल्ट बसवण्याआधी प्रत्येक बंद भोक हवेने कोरडं करायचं, डोळ्यावर चष्मा लावून.

आटे साफ करायला आटे पाडण्याचा टॅप वापरत नाही. टॅप धातू कापतो आणि आधीच झिजलेला आटा आणखी बारीक होतो. त्यासाठी चेझर (आटे न कापता फक्त साफ करणारं हत्यार) मिळतो. तो नसेल तर त्याच आट्यांच्या एका चांगल्या बोल्टला लांबीभर दोन-तीन खाचा पाडून तोच वापरता येतो.

यानंतर बळ. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावरचे आकडे बोलके असतात. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे तुटण्याचा ताण सुमारे ८०० मेगापास्कल, आणि नंतरचा .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, बोल्ट कायमचा लांबायला लागतो. १०.९ ला हेच १००० आणि ९००. इंची बोल्टांवर आकड्यांऐवजी रेघा असतात. तीन रेघा म्हणजे एसएई या अमेरिकी मानकाचा ग्रेड ५, जो साधारण ८.८ च्या जवळचा. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, १०.९ च्या जवळचा. जुन्या ब्रिटिश बोल्टांवर आर, एस, टी अशी अक्षरं असतात आणि बळ त्याच क्रमाने वाढत जातं. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट किती बळाचा आहे हे ठरवता येत नाही. असा बोल्ट आम्ही इंजिनात परत घालत नाही.

जास्त ग्रेडचा बोल्ट घातला की जोड आपोआप मजबूत होतो, हा समज खोलवर रुजलेला आहे आणि तो खरा नाही. तेवढ्याच टॉर्कला ८.८ आणि १२.९ या दोघांची पकड सारखीच येते, कारण पकड टॉर्क आणि घर्षणावर ठरते. टॉर्क वाढवला तर कास्ट आयर्न किंवा अ‍ॅल्युमिनियमचे आटे आधी उपटतात. कमी ग्रेड मात्र सरळ धोक्याची, कारण ठरलेल्या टॉर्कलाच तो बोल्ट लांबून बसतो. म्हणून मूळ ग्रेडच घ्यायची, आणि ती पार्ट्स बुकमधून किंवा चांगल्या स्थितीतल्या मूळ बोल्टच्या खुणेवरून ठरवायची.

इथवर आलं की यादी आपोआप वेगवेगळ्या रांगांत पडते. संप (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं), टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, वॉटर पंप, ब्रॅकेट यांचे बोल्ट औद्योगिक नट-बोल्टांच्या दुकानातून घेता येतात. तिथे गाडीचं नाव सांगून उपयोग नसतो, मानकाचा क्रमांक सांगावा. अर्ध्या आट्यांचा षट्कोनी बोल्ट डीआयएन (जर्मन मानक) ९३१, पूर्ण आट्यांचा ९३३. तेच बारीक पिचमध्ये अनुक्रमे ९६० आणि ९६१. अ‍ॅलन डोक्याचा ९१२. स्टडचे तीन क्रमांक तर फार उपयोगी: ९३८ मध्ये ब्लॉककडच्या आट्यांची लांबी व्यासाइतकी, ९३९ मध्ये सव्वापट आणि ८३५ मध्ये दुप्पट. पोलाद, कास्ट आयर्न आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यासाठी ही सोय केलेली आहे. क्रमांक, व्यास, पिच, लांबी, ग्रेड आणि मुलामा हे सगळं एका ओळीत लिहून दिलं की चुकीचा माल येण्याचं मुख्य कारणच उरत नाही. अर्ध्या आट्यांच्या बोल्टऐवजी पूर्ण आट्यांचा घेणं कव्हरवर चालतं. जिथे गुळगुळीत दांडा दोन भागांना जागेवर धरतो, तिथे चालत नाही.

लांबी मिळत नसेल तर लांब बोल्ट कापता येतो. आधी नट चढवायचा, मग करवतीने कापायचं, टोक कानशीने गोलसर करायचं आणि नट उलटा फिरवून काढायचा, म्हणजे शेवटचा आटा साफ होतो. कटिंग व्हीलवर बोल्ट निळा पडेपर्यंत तापवायचा नाही. उलट काम, म्हणजे गुळगुळीत दांड्यावर डायने आटे वाढवणं, १०.९ वर करायचं नाही. डायने कापलेल्या आट्याच्या तळाशी तीक्ष्ण खाच राहते आणि तडा तिथूनच सुरू होतो. कारखान्यात आटे रोलरने दाबून काढलेले असतात, त्यात धातूचे तंतू तुटत नाहीत.

दुसऱ्या रांगेत खास आकाराचे बोल्ट. रॉकर शाफ्टला तेल पोचवणारा बारीक मानेचा किंवा पोकळ बोल्ट, तेलाच्या नळीचा बॅन्जो बोल्ट, मॅनिफोल्डचे लांब मानेचे नट, जागा धरून ठेवणारे काटेकोर दांड्याचे बोल्ट. हे दिसायला साध्या बोल्टसारखे असतात आणि म्हणूनच चुकतात. रॉकर पेडेस्टलच्या भोकातून तेल वर येत असेल, तर बारीक मानेभोवतीची मोकळी जागा हाच तेलाचा रस्ता असतो. तिथे पूर्ण जाडीचा बोल्ट घातला की रॉकरला तेल जवळजवळ मिळतच नाही, आणि इंजिन सुरू झाल्यावर बराच वेळ कुणाला पत्ताही लागत नाही. यांच्यासाठी मूळ पार्ट नंबर शोधायचा, तो बदलून पुढे कोणता आला ते पाहायचं, आणि त्याच कुळातलं इंजिन दुसऱ्या कोणत्या गाड्यांत होतं याची यादी करायची. तोच बोल्ट दुसऱ्या गाडीच्या पुस्तकात वेगळ्या नावाखाली सापडतो. मोडीत निघालेल्या इंजिनातून असे भाग घेताना गंजाचे खड्डे असलेला दांडा नाकारायचा.

अगदीच न मिळाल्यास लेथवर करून घेता येतो. ईएन २४ टी सारखं आधीच कडक केलेलं मिश्र पोलाद घ्यायचं, डोक्याच्या आतल्या कोपऱ्यात गोलाई ठेवायला सांगायचं, आणि चित्रावर सगळी मापं लिहून द्यायची. नमुना बोल्ट देऊन "असाच करा" म्हटलं तर झीजही तशीच उतरते. असा कापलेल्या आट्यांचा बोल्ट ब्रॅकेट किंवा मॅनिफोल्डपुरता ठीक. कनेक्टिंग रॉडला कधीही नाही.

कनेक्टिंग रॉड, मेन बेअरिंग कॅप, हेड आणि फ्लायव्हील ही तिसरी रांग, आणि इथे कसलीही तडजोड नाही. हे फक्त इंजिनाचे बोल्ट बनवणाऱ्यांकडून, त्या इंजिनासाठी म्हणून दिलेले घ्यायचे, पूर्ण संचाने. त्यांच्या पाकिटातला टॉर्क आणि तिथे सांगितलेलं वंगण हे दोन्ही मिळूनच लागू होतात. टॉर्क त्यांचा आणि तेल आपलं, असं करायचं नाही.

कारण आकड्यांत पाहावं. ८.८ चा एम८ × १.२५ बोल्ट कायमचा न लांबता सुमारे २१.२ किलोन्यूटन ताण सोसतो. कोरड्या आट्यांवर नट फॅक्टर (टॉर्क आणि पकड यांना जोडणारा, घर्षणावर ठरणारा गुणक) ०.२ धरला तर २५ न्यूटन मीटरला सुमारे १५.६ किलोन्यूटन पकड येते. तेच आटे तेलाने ओले करून गुणक ०.१५ वर आला, तर त्याच २५ न्यूटन मीटरला पकड २०.८ किलोन्यूटनवर जाते, म्हणजे मर्यादेला जवळजवळ टेकते. रेंच दोन्ही वेळा सारखाच वाजतो. टॉर्कचा बराच मोठा भाग डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो, फक्त दहाएक टक्के बोल्ट ताणायला उरतो, म्हणून घर्षणातला छोटा बदलही पकडीत मोठा दिसतो. अँटीसीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायचा लेप) लावून पुस्तकातला कोरडा टॉर्क दिला तर बोल्ट नकळत लांबतो. मुलामा बदलला तरी हेच होऊ शकतं.

रॉडच्या बोल्टची मोकळी लांबी बसवण्याआधी मायक्रोमीटरने मोजून लिहून ठेवतो. पुढे कधी उघडलं आणि लांबी ०.०२५ मिमीहून अधिक वाढलेली आढळली तर तो बोल्ट संपला. कोनात फिरवून घट्ट करायचे, म्हणजे ठरलेल्या टॉर्कनंतर ९० अंश वगैरे, असे हेड बोल्ट बहुतेक एकदाच वापरायचे असतात. ते मुद्दाम लांबण्याच्या सीमेवर नेलेले असतात. कारखान्याने लांबीची मर्यादा दिली असेल तरच मोजून परत घालायचे. ताणलेला बोल्ट ओळखायला आट्यांवर पट्टी उभी धरली की मान बारीक झालेली जागा दिसते. नट हाताने फिरवताना एका ठिकाणी जड झाला तरी तेच समजायचं.

मुलाम्याबद्दल दोन शब्द. जुने बोल्ट साफ करून जस्ताचा मुलामा चढवून घेण्याची पद्धत सोयीची आहे, पण ती ८.८ पर्यंतच्या साध्या जागांसाठी. आम्लात धुताना आणि विजेने मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो. कठीण पोलादात त्यामुळे ठिसूळपणा येतो. असा बोल्ट घट्ट करताना काहीच दाखवत नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी उभ्या जागी तुटतो. १२.९ ला हा धोका सर्वाधिक, १०.९ लाही तो सोडून देण्यासारखा नाही. मुलामा दिल्यावर चार तासांच्या आत भट्टीत घालून १९० ते २२० अंश सेल्सिअसला काही तास भाजतात ते यासाठी. भाजल्याची खात्री नसेल तर महत्त्वाच्या जागी असा बोल्ट नको. तिथे फॉस्फेट आणि तेल बरं. शिवाय ६० अंशांच्या आट्यावर मुलाम्याच्या जाडीच्या चौपट फरक आट्याच्या व्यासात पडतो. ८ मायक्रॉनच्या थराने ३२ मायक्रॉन वाढतात, आणि दोनदा मुलामा दिलेला बोल्ट चांगल्या भोकातही अडतो.

स्टेनलेसचे बोल्ट चकचकीत दिसतात म्हणून इंजिनभर घालू नयेत. नेहमी मिळणारा ए२-७० हा ७०० मेगापास्कलला तुटतो आणि ४५० लाच लांबायला लागतो, म्हणजे ८.८ पेक्षा स्पष्ट कमी. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट अँटीसीझशिवाय फिरवला तर आटे एकमेकांना चिकटून बसतात आणि शेवटी कापावेच लागतात. टॅपेट कव्हरला हरकत नाही, हेडला नको.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या स्टडवर पितळी किंवा तांब्याचा मुलामा असलेले पोलादी नट वापरतो. स्टडवर गंज चढला तरी ते सुटतात. नायलॉनच्या कड्याचा नट तिथे चालत नाही, कारण ते कडं १२० अंशांच्या पुढे टिकत नाही. पूर्ण धातूचा लॉकनट चालतो. स्टड बसवताना ब्लॉकमध्ये हाताने तळापर्यंत, त्याहून घट्ट नाही. घट्ट करायचा तो नट. जुना स्टड काढताना दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटाला पाना लावायचा. हलत नसेल तर आजूबाजूची जागा तापवून थंड होऊ द्यायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. तुटलेला स्टड काढण्यात अख्खा दिवस जातो, तापवण्यात थोडाच वेळ.

वॉशरकडे कमी लक्ष जातं आणि ते चूक आहे. मऊ वॉशर १०.९ च्या डोक्याखाली दबत राहतो आणि पकड सुटते. ८.८ ला २०० एचव्ही आणि १०.९ ला ३०० एचव्ही कडकपणाचा वॉशर मागायचा. नटची ग्रेडही बोल्टला जुळती हवी, ८.८ ला ८ आणि १०.९ ला १०. टॅब वॉशर, स्प्लिट पिन, लॉकवायर हे एकदाच वापरायचे. तांब्याचा वॉशर वापरल्यावर कडक होतो. तो लाल तापवून पाण्यात टाकला की परत मऊ होतो, पण खाच पडलेला असेल तर नवाच घ्यावा.

माल आल्यावर पाकीट न फोडता कपाटात ठेवायचा नाही. प्रत्येक बोल्टवर ग्रेडसोबत बनवणाऱ्याची खूण आहे का ते पाहतो. आयएसओ ८९८-१ नुसार दोन्ही हव्यात, नुसता आकडा असेल तर संशय घ्यायचा. खोट्या खुणांचा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत ग्रेड ८ च्या खुणा असलेले, पण प्रत्यक्षात ग्रेड ८.२ च्या बोरॉन पोलादाचे बोल्ट बाजारात आले होते. थंड असताना ते पुरेसे मजबूत असत, तापल्यावर मात्र त्यांची पकड ढिली होई. या प्रकारांनंतर तिथे १९९० मध्ये फास्टनर क्वालिटी अ‍ॅक्ट हा कायदा झाला. शंका असेल तर खेपेतला एक बोल्ट कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्रावर तपासून घेतो. ८.८ ला २२ ते ३२ एचआरसी, १०.९ ला ३२ ते ३९, १२.९ ला ३९ ते ४४ यायला हवं. ठरल्यापेक्षा कमी म्हणजे कमजोर, जास्त म्हणजे ठिसूळपणाची भीती.

मग प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात बोटांनी पूर्ण फिरवून पाहायचा. जोड न लावता, वॉशर न घालता, नुसता. आटा आणि खोली दोन्ही इथेच कळतात, आणि चूक निघाली तरी गॅस्केट वाया जात नाही. नंतर तो त्याच जागेच्या नावाच्या पिशवीत, सोबत मानकाची ओळ आणि टॉर्क लिहिलेली चिठ्ठी. साध्या बोल्टांचे दोन-चार नग आम्ही जादा मागवतो. रॉडचे आणि हेडचे मात्र पूर्ण संचच. त्यातला एक खराब निघाला तर सुटा शोधत बसत नाही, सगळा संच परत पाठवतो.